ब्रेकवर पाय कुणाचा?

१५ जुलै २०२५ रोजी मुंबईत बीकेसीला टेस्ला या विजेच्या गाड्या बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीची देशातली पहिली शोरूम उघडली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उद्घाटनाला होते, मॉडेल वायची किंमत ५९.८९ लाखांपासून सुरू होते हे दिवसभर टीव्हीवर फिरत राहिलं, आयात शुल्क कमी करावं की नाही यावर चर्चा झडल्या. मी मात्र त्या दिवसापासून किंमतपत्रकातल्या एका ओळीवर अडकलोय. 'फुल सेल्फ ड्रायव्हिंग' हवं असेल, म्हणजे गाडीने पूर्णपणे स्वतःच चालावं असं वाटत असेल, तर तेव्हा आणखी ६ लाख रुपये. खाली खुलासा असा की सध्याच्या सुविधा वापरताना चालकाने सतत लक्ष ठेवायचं आहे आणि या सुविधांमुळे गाडी स्वयंचलित होत नाही. ६ लाखांत आपल्याकडे अख्खी नवी छोटी गाडी येते. इथे तेवढे पैसे एका नावासाठी मागितले जातात, आणि ते नाव खरं धरू नका असं त्याच कागदावर लिहून दिलं जातं.

टेस्ला विनाचालक गाडीचं वचन पुरं करू शकेल का, यावर गेली दहा वर्षं वाद चाललाय. भक्त म्हणतात, होणारच. टीकाकार म्हणतात, सगळी थाप आहे. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण दोघंही गाडी किती सफाईने वळते ते पाहून निकाल देतात. माझी कसोटी वेगळी आहे: अपघात झाल्यावर 'गाडी मी चालवत होतो' असं कोण म्हणणार? ज्या दिवशी कंपनी ते म्हणेल, लेखी म्हणेल, त्या दिवशी वचन पुरं झालं. तोवर त्याचे पैसे आगाऊ घेणं चूक आहे, आणि सरकारने ते घेऊ देणं त्याहून मोठी चूक आहे.

ही कसोटी मला एका माणसाच्या उजव्या पायाने शिकवली. साताऱ्याला माझ्या थोरल्या मामांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. मारुती ८००, पुढेमागे लाल 'एल', आणि मामा बसायचे त्या डाव्या बाजूला जादाचा क्लच आणि ब्रेक बसवलेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मागच्या सीटवर बसून पोवई नाक्यापर्यंत चकरा मारायचो. शिकणारा कितीही नीट चालवत असला तरी मामांची टाच खाली टेकलेली आणि चवडा ब्रेकच्या बोटभर वर असायचा. त्या चवड्याला मी कधी विसावलेला पाहिला नाही. गप्पा चालू असायच्या, पानवाल्याला हात व्हायचा, पण पाय तसाच. रात्री मामी बादलीत गरम पाणी आणि मीठ टाकून द्यायची, तेव्हा कुठे तो पाय सैल पडायचा. मामा म्हणायचे, "नवा माणूस परवडला, पंधरा दिवसांचा नको. नवा असतो तेव्हा तो घाबरलेला, मीपण सावध. पंधराव्या दिवशी तो छान चालवतो, माझं लक्ष गावभर फिरायला लागतं, आणि नेमका तेव्हाच तो ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर दाबतो."

टेस्लाने मार्च २०२४ मध्ये आपल्या प्रणालीच्या नावापुढे 'सुपरवाइज्ड' हा शब्द जोडला. देखरेखीखाली. म्हणजे मालकाने मामांचं काम करायचं. फरक एवढाच की मामा शिकवण्याची फी घेत, इथे फी मालक भरतो. अमेरिकेत ती २०२२ च्या सप्टेंबरात १५,००० डॉलरवर गेली होती, २०२४ मध्ये ८,००० वर आली. आणि मामांना माहीत असलेला धोका या मालकाला कुणी शिकवलेला नसतो. गाडी नव्व्याण्णव वेळा उत्तम चालते, त्यामुळेच शंभराव्या वेळी माणूस तयार नसतो. हा चालकाच्या आळसाचा प्रश्न नाही. ज्या कामात काही करायचं नसतं त्या कामाकडे तासन्‌तास टक लावून बसणं माणसाला जमत नाही, आणि प्रणाली जितकी सुधारते तितकं ते आणखी कठीण होतं. मध्येच थांबलेली प्रगती इथे धोका वाढवते.

आता वायद्यांकडे येऊ. ऑक्टोबर २०१६ मध्ये टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी जाहीर केलं की यापुढे कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक टेस्लात पूर्ण स्वयंचलनाला लागणारं सगळं हार्डवेअर असेल, आणि २०१७ संपायच्या आत एक गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला माणसाचा हात न लागता जाऊन दाखवेल. तो प्रवास २०१७ मध्ये झाला नाही. त्याच घोषणेच्या वेळी स्वतः चालणाऱ्या टेस्लाचा एक व्हिडिओ आला होता, त्यात लिहिलं होतं की चालकाच्या सीटवरचा माणूस केवळ कायद्याची गरज म्हणून बसलाय. ऑटोपायलट या टेस्लाच्या चालक-साहाय्य प्रणालीच्या सॉफ्टवेअरचे तेव्हाचे प्रमुख अशोक एल्लुस्वामी यांनी २०२२ मध्ये एका खटल्यात शपथेवर सांगितलं की व्हिडिओतला रस्ता आधी त्रिमितीत नकाशाबद्ध केलेला होता, आणि पार्किंगच्या चाचणीत गाडी कुंपणाला धडकली होती. एप्रिल २०१९ मध्ये मस्क म्हणाले, पुढच्या वर्षी रोबोटॅक्सी, म्हणजे विनाचालक टॅक्सी, रस्त्यावर असतील, आणि ते काम करू शकणाऱ्या दहा लाखांवर गाड्या असतील. २०२० आलं आणि गेलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी मान्य केलं की ज्यांनी ही सुविधा विकत घेतलीय त्यांच्या जुन्या गाड्यांमधला संगणक बदलून द्यावा लागेल. 'सगळं हार्डवेअर आहे' या २०१६ च्या वाक्याचं काय झालं ते इथे कळतं.

यावर भक्तांचं एक उत्तर असतं आणि ते मी हलक्यात घेत नाही. ते म्हणतात, मस्क यांना उशीर होतो, पण गोष्ट होते. मॉडेल ३ च्या वेळी सगळ्यांनी कंपनी बुडणार असं लिहिलं होतं. जून २०१८ च्या अखेरीस आठवड्याला ५,००० गाड्यांचा आकडा गाठण्यासाठी त्यांनी फ्रीमाँटच्या कारखान्याबाहेर तंबू ठोकून असेंब्ली लाइन उभी केली, आणि आकडा गाठला. २०२४ मध्ये कंपनीने सुमारे १७.९ लाख गाड्या ग्राहकांना दिल्या. विजेची गाडी म्हणजे गोल्फच्या मैदानातलं खेळणं, ही समजूत जगभर पुसली गेली त्यात टेस्लाचा वाटा सगळ्यात मोठा आहे. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण कारखाना आणि रस्ता यांत फरक आहे. कारखान्यात रोज किती गाड्या बाहेर पडल्या ते मोजता येतं, कमी पडल्या तर पाळी वाढवता येते, तंबू ठोकता येतो. गाडी स्वतः सुरक्षित चालते हे कसं मोजणार? अमेरिकेत २०२३ मध्ये दर दहा कोटी मैलांमागे १.२६ माणसं रस्त्यावर मेली. म्हणजे सरासरी माणूस, झोपाळू, घाईतला, प्यायलेला सगळे धरून, कोट्यवधी मैल जीवघेणा अपघात न करता चालवतो. या माणसापेक्षा यंत्र वाईट नाही एवढं खात्रीने म्हणायचं तरी, रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१६ मध्ये हिशेब मांडला होता, २७.५ कोटी मैल एकही मृत्यू न होता चालवून दाखवावे लागतात. टेस्ला म्हणते आमच्याकडे अब्जावधी मैल आहेत. आहेत, पण ते मामांचा पाय ब्रेकवर असतानाचे मैल आहेत. त्यातून शिकाऊ आणि मामा मिळून किती सुरक्षित आहेत ते कळतं. एकटा शिकाऊ किती सुरक्षित आहे ते त्यातून कळत नाही.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं आपण म्हणतो, शेपूट क्षुल्लक आहे असं धरून. या कामात शेपटातच सगळं वजन आहे. सरळ रस्ता, पांढरे पट्टे हा झाला हत्ती, तो २०१६ लाच बऱ्यापैकी पार झाला होता. ७ मे २०१६ ला फ्लोरिडात विलिस्टनजवळ एक ट्रेलर रस्ता ओलांडत होता. ट्रेलरची बाजू पांढरी, मागे उन्हाने भगभगीत आकाश. ऑटोपायलटवर चाललेली मॉडेल एस न थांबता ट्रेलरच्या पोटाखालून गेली, वरचा टप कापला गेला, चालक ठार झाला. कंपनीने स्वतःच सांगितलं की उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर ट्रेलरची पांढरी बाजू ना ऑटोपायलटला दिसली ना चालकाला. १ मार्च २०१९ ला, त्याच राज्यात, डेलरे बीचला जवळजवळ तसाच अपघात झाला. पुन्हा आडवा ट्रेलर, पुन्हा खालून गेलेली गाडी, पुन्हा एक मृत्यू. तीन वर्षं मध्ये गेली होती.

हे वाचताना मला आपल्याकडचा उसाचा हंगाम आठवतो. सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यावर रात्री ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस नेमकी ट्रॉलीची कड झाकून टाकतो. तिथला चालक तो ट्रॅक्टर डोळ्यांनी पाहत नाहीच. पुढे ऊस सांडलेला दिसतो, हवेत मळीचा वास असतो, डिसेंबर चालू आहे हे ठाऊक असतं, म्हणून पाय आधीच सैल होतो. यंत्राला हे कधीच जमणार नाही असं मी म्हणत नाही. पण शेपूट कशाला म्हणायचं, ते यावरून ध्यानात यावं.

मग ते पाहायचं कशाने, हा तंत्रज्ञांमधला मोठा वाद. टेस्लाने मे २०२१ पासून अमेरिकेतल्या मॉडेल ३ आणि मॉडेल वायमधून रडार काढायला सुरुवात केली, २०२२ पासून पार्किंगचे अल्ट्रासोनिक सेन्सरही. सगळी भिस्त कॅमेऱ्यांवर. माणूस दोन डोळ्यांनी चालवतो, मग गाडीला कॅमेरे पुरेत, हा मस्क यांचा युक्तिवाद. लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या लायडारला त्यांनी २०१९ मध्ये मूर्खांचा उद्योग ठरवलं. तेव्हा किमतीचा मुद्दा खरा होता. सुरुवातीच्या काळात गाडीच्या टपावर फिरणारं एक लायडार ७५,००० डॉलरच्या घरात पडायचं. आज चिनी हेसाय कंपनी ते २०० डॉलरच्या आत देऊ करते. युक्तिवादाचा पाया सरकला, निर्णय मात्र तोच राहिला. नुसते सेन्सर वाढवून प्रश्न सुटतो असंही नाही, विलिस्टनच्या गाडीत रडार होतंच. तरी समोर काही घन वस्तू आहे की नाही हे दोन वेगळ्या मार्गांनी विचारण्याची सोय हातची का घालवायची? कॅमेऱ्याला उन्हाची तिरीप, धुकं, धूळ नडते, माणसाच्या डोळ्यांसारखीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने नेमकी याच कारणासाठी २४ लाख टेस्लांची चौकशी सुरू केली. त्यातल्या एका अपघातात पायी जाणारा माणूस मेला होता.

वेमोने दुसरी वाट धरली. २००९ मध्ये गुगलचा प्रकल्प म्हणून सुरू झालेली ही कंपनी लायडार, रडार, कॅमेरे आणि बारकाईने केलेले नकाशे असं सगळं वापरते. २०२० च्या ऑक्टोबरात फिनिक्समध्ये तिने रिकाम्या ड्रायव्हर सीटची टॅक्सी सर्वांसाठी खुली केली, आणि २०२५ च्या एप्रिलपर्यंत आठवड्याला अडीच लाख फेऱ्या पैसे देऊन होऊ लागल्या. तिच्याही चुका झाल्यात, थांबलेल्या शाळेच्या बसला ओलांडण्यावरून तिला सॉफ्टवेअर दुरुस्त करावं लागलं. पण सीट रिकामी आहे, त्यामुळे चूक कुणाची हा वादच उरत नाही. टेस्लाच्या बाजूने एवढं म्हणता येईल की वेमो शहरामागून शहर पायरीपायरीने चढते, आणि टेस्लाचं जमलं तर एका रात्रीत लाखो गाड्यांत जमेल. शक्यता मोठी आहे, म्हणून तर वायदा इतका महाग विकला जातो.

त्या वायद्यावर आज काय उभं आहे ते पाहा. नोव्हेंबर २०२५ मध्ये भागधारकांनी मस्क यांना एक लाख कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकणारं मानधन मंजूर केलं. त्यातली दोन उद्दिष्टं म्हणजे स्वयंचलनाचे एक कोटी वर्गणीदार आणि दहा लाख रोबोटॅक्सी. कंपनीचं बाजारमूल्य नुसत्या गाड्यांच्या नफ्यातून समजावता येत नाही, ते उद्याच्या विनाचालक टॅक्सीवर बेतलंय. अशा वेळी 'अजून वेळ लागेल' हे खरं वाक्य कंपनीला सगळ्यात महाग पडतं. जून २०२५ मध्ये ऑस्टिनमध्ये रोबोटॅक्सी सुरू झाली, मोजक्या गाड्यांनी, शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून. पुढच्याच महिन्यात मस्क म्हणाले की वर्षअखेर अमेरिकेच्या निम्म्या लोकसंख्येपर्यंत ही सेवा बहुधा पोचलेली असेल. वर्ष संपलं तेव्हा ती ऑस्टिन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसराबाहेर फारशी गेली नव्हती. २०२६ च्या जानेवारीत ऑस्टिनमधल्या काही गाड्यांतून तो माणूसही उतरवल्याचं कंपनीने सांगितलं. ही खरी प्रगती आहे आणि मला तिचा आनंद आहे. त्या गाड्यांत तरी टेस्ला स्वतः चालक झाली. बीकेसीतल्या ६ लाखांच्या ओळीला मात्र तिने कुठलंही बळ येत नाही.

कारण मालकाच्या गाडीत काय होतं ते फ्लोरिडाच्या की लार्गोने दाखवलंय. एप्रिल २०१९ ची रात्र, रस्ता सरळ जाऊन टी आकारात संपतो. ऑटोपायलट चालू होता, चालकाचा फोन खाली पडला, तो उचलायला तो वाकला. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. गाडी थांब्याची पाटी ओलांडून रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीवर गेली. तिच्याजवळ उभी असलेली २२ वर्षांची मुलगी मेली, तिचा मित्र जबर जखमी झाला. कंपनी म्हणाली, दोष पूर्णपणे चालकाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्यूरीने ६७ टक्के दोष चालकाचा आणि ३३ टक्के टेस्लाचा ठरवला, आणि कंपनीने दंडात्मक भरपाईसह सुमारे २४.३ कोटी डॉलर द्यावेत असं सांगितलं. चालकाला मी निर्दोष म्हणत नाही. पण 'ऑटोपायलट' हे नाव ऐकलेल्या माणसाला वाकायची हिंमत कुठून आली, हे त्या ज्यूरीने विचारलं, आणि तेच विचारायला हवं होतं.

आपल्याकडे या विषयावर सगळ्यात ठाम बोलले ते नितीन गडकरी. डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात ते म्हणाले की विनाचालक गाड्या मी भारतात येऊ देणार नाही, लाखो चालकांचं काम जाईल. चालकांची काळजी खरी आहे. पण २०२२ मध्ये या देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. यातली थोडी जरी यंत्राने वाचणार असतील तर दार कायमचं लावून कसं चालेल? शिवाय दार लावून घेतल्याने आजचा प्रश्न सुटतच नाही. विनाचालक गाडीला परवानगी नाही, पण तिचं नाव विकायला आडकाठी नाही, अशी ही अवस्था आहे.

इतरांनी यावर काहीतरी केलंय. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा केला की अंशतः मदत करणारी प्रणाली पूर्ण स्वयंचलित वाटेल अशा नावाने विकता येणार नाही. चीनमध्ये मार्च २०२५ ला शाओमीच्या गाडीच्या अपघातात तिघं गेली, आणि महिन्याभरात सरकारने चालक-साहाय्य प्रणालींच्या जाहिरातीत स्वयंचलनाचे शब्द वापरायला बंदी घातली. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करू शकणारं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. नवा कायदा येईपर्यंत थांबायचं कारण नाही. प्राधिकरणाने एवढंच सांगावं, टेस्लाला आणि उद्या अशी नावं घेऊन येणाऱ्या प्रत्येक कंपनीला: अपघाताची जबाबदारी कंपनी स्वतःवर घेत असेल तरच 'स्वतः चालणारी' हे शब्द, कुठल्याही भाषेत, किंमतपत्रकावर येतील. नाहीतर 'चालक-साहाय्य' म्हणा, त्याची जी किंमत असेल ती लावा. आणि जो कुणी ६ लाखांच्या त्या चौकोनात खूण करायला निघालाय त्याने आधी शोरूममध्ये विचारावं, टक्कर झाली तर चालक कोण धरायचा, ते लिहून द्याल का?

मामांकडे शिकलेल्याला आरटीओचा परवाना मिळाला की मामा त्याच्यासोबत एक शेवटची फेरी मारायचे. त्या दिवशी ते डावीकडे बसत नसत. मागच्या सीटवर, माझ्या शेजारी, पायाशी ना क्लच ना ब्रेक. पोवई नाका ओलांडून कोरेगावच्या रस्त्याला लागायचं, बरंच पुढे जाऊन परत फिरायचं. वाटेत एक शब्द बोलत नसत. घरी पोचल्यावर उतरून त्या माणसाच्या हातात हात द्यायचे. त्या फेरीचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.